कर्ज काढून कॅमेरा घेऊ, की लेन्सची पेटी उचलू?

सर, मी २७ वर्षांचा, बी.कॉम. शनिवार पेठेत वडिलांचा फोटो स्टुडिओ आहे, पण आता तो पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सपुरताच उरलाय. मी काही वर्षं लग्नांचं शूटिंग करतोय आणि ते बरं चालतं. पण मला सिनेमाचा कॅमेरामन व्हायचंय. लॉ कॉलेज रोडवरून जाताना फिल्म इन्स्टिट्यूटचं गेट दिसलं की पोटात कालवतं. सध्या दोन वाटा समोर आहेत. एक, आठ लाखांचं कर्ज काढून सिनेमाचा कॅमेरा आणि दोन लेन्स घ्यायच्या. वडील म्हणतात, मशीन स्वतःचं असलं की काम दारात येतं. दुसरी, एका मराठी चित्रपटाचे डीओपी (म्हणजे मुख्य छायाचित्रकार) ओळखीतून म्हणालेत, "चौथा असिस्टंट म्हणून ये, पैशांचं बघू." शूटिंग दिवाळीनंतर, म्हणजे ऐन सीझनमध्ये, आणि त्या तारखांत माझी दोन लग्नं बुक आहेत. माझा साखरपुडा झालाय, लग्न मे महिन्यात. होणारे सासरे विचारतात, "सिनेमात म्हणजे नक्की काय करणार?" मला सांगता येत नाही. इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलो नाही, वयही निघून चाललंय. काय करू? आणि वडिलांचे जुने कॅमेरे आणि एक लाइट मीटर कपाटात पडून आहे, ते विकून टाकू का?
– पेठेतला कॅमेरावाला

अरे कॅमेरावाल्या,

कॅमेरा घेऊ नकोस. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण बँकेच्या फॉर्मवर सही व्हायच्या आत तू हे वाचायला हवंस. (एकेरीत लिहितोय, राग मानू नकोस. या लाइनीत सगळं एकेरीतच चालतं, आत्तापासून सवय झालेली बरी.)

वडिलांच्या धंद्यापुरतं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ज्याच्याकडे कॅमेरा, मागचा पडदा, दोन छत्र्या आणि डार्करूम, त्याच्याकडे गिऱ्हाईक. लग्नांतही थोडंफार तसंच चालतं. "ड्रोन आहे ना तुमच्याकडे?" हे मुलीचे काका तुझं काम बघायच्या आधी विचारतात. सिनेमात मात्र कॅमेरा भाड्याने येतो. गोष्ट काय, दिवस किती, बजेट किती हे बघून डीओपी कॅमेरा आणि लेन्स ठरवतो आणि प्रॉडक्शन ते भाड्याने आणतं. पेट्यांबरोबर भाडं देणाऱ्यांचा अटेंडंटही येतो आणि डोळ्यांत तेल घालून सामान सांभाळतो. चांगल्या डीओपीला कोणी त्याच्या मालकीचा कॅमेरा बघून बोलावत नाही. उलट स्वतःचा कॅमेरा असलेल्या नवख्याला जे बोलावणं येतं, ते बऱ्याचदा कॅमेऱ्यालाच असतं. कोणाला तरी एखादी वेबमालिका स्वस्तात उरकायची असते, आणि कॅमेऱ्यावर माणूस फुकट मिळत असतो. तशी तीन वर्षं काढलीस तर तुझ्याकडे टेराबाइटने फुटेज जमेल, पण दाखवण्यासारखा एक धड सीन नसेल.

आता हिशेब. आठ लाख, तीन वर्षं, बारा टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता साडेसव्वीस हजारांच्या वर जातो. तुझी कमाई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि आषाढात आटते. हप्त्याला चातुर्मास नसतो. तो भरायला तू मिळेल ती हळद, मिळेल ते डोहाळेजेवण घेत राहशील, आणि सिनेमाचं बोलावणं येईल तेव्हा तुझ्याकडे तारीखच नसेल.

तेव्हा लेन्सची पेटी उचल. चौथा असिस्टंट हो. पण काय शिकायला जातोयस ते डोक्यात स्पष्ट असू दे, नाहीतर महिनाभर चहा पिऊन आणि सेल्फी काढून परत येशील. तुझ्या सासऱ्यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंय. लग्नं शूट करणाऱ्या माणसाला वाटतं, हेच काम जरा मोठ्या प्रमाणावर करायचं. तसं ते नाही.

लग्नात घटना एकदाच घडते आणि तू तिच्यामागे धावतोस. अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, हार गळ्यात जातात, झालं. त्या क्षणी तू योग्य जागी उभा होतास, यातच तुझं सगळं कसब. सिनेमात दोन मिनिटांचा सीन सकाळी नऊला सुरू होतो आणि संध्याकाळी सहाला संपतो, आणि पडद्यावर ती सलग दोनच मिनिटं वाटावी लागतात. तेवढ्या वेळात सूर्य या छपरावरून त्या छपरावर गेलेला असतो, मध्येच ढग आलेला असतो. प्रेक्षकाला यातलं काहीही कळता कामा नये. छायाचित्रकाराचं निम्मं काम हे आहे, आणि लग्नांत ते कधीच वाट्याला येत नाही.

समज, तुझ्याच पेठेतल्या एखाद्या चौसोपी वाड्यात सीन आहे. आजी चौकात तांदूळ निवडत बसलीय. नातू येऊन सांगतो की वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं. अशा चौकात थेट ऊन उतरतं ते भर दुपारी, तासा-दोन तासांपुरतं. बाकीचा वेळ वरून नुसता आकाशाचा मऊ उजेड. चांगला डीओपी रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा आधी बघायला, येतो तेव्हा हेच टिपून जातो: ऊन कुठल्या खांबावर किती वाजता पोचतं, तुळशीवृंदावनावरून कधी सरकतं. मग तो दिग्दर्शकाला विचारतो, ही बातमी आजीला उन्हात कळायला हवी की सावलीत? हा प्रश्न गोष्टीचा आहे, कॅमेऱ्याचा नाही. उन्हात ठरलं तर अख्खा चौक दिसणारा वाइड त्या दोन तासांतच उरकायला लागतो, कारण एवढ्या मोठ्या जागेचं ऊन दिव्यांनी उभं करणं मराठी बजेटात बसत नाही. आजीचा क्लोजअप मात्र चार वाजताही घेता येतो. चेहरा आणि खांद्यापुरतं ऊन एका एचएमआय दिव्याने (उन्हासारखा उजेड देणारा ताकदवान दिवा) तयार होतं. फक्त तो दुपारच्या सूर्याइतका उंच लावायला हवा, कारण दिवा खाली आला की नाकाची सावली गालावर लोळते आणि दुपारची संध्याकाळ होते. मागची भिंत तोवर सावलीत गेलेली असते, म्हणून कोन असा धरायचा की ती फ्रेममध्ये येतच नाही. आणि सीन सावलीत ठरला तर दुपारचं ऊन उपद्रवी ठरतं, मग चौकावर स्किमरचं पांढरं कापड ताणून ते गाळून घ्यायचं.

एवढ्या सगळ्यात रेकॉर्डचं बटण एकदाही आलं नाही, बघ. पुष्कळदा ते दाबणारा ऑपरेटरही वेगळा असतो.

चौकातल्या या उजेडाचं कोडं जुनं आहे. सत्यजित राय यांचा 'अपराजितो' १९५६ सालचा. त्यातल्या बनारसच्या घराचं अंगण कोलकात्यात स्टुडिओत उभारलं होतं. स्टुडिओच्या त्या वेळच्या रिवाजाने वरून थेट दिवे लावले असते तर माणसामागे चार-चार सावल्या पडल्या असत्या, आणि वरून येणाऱ्या आकाशाच्या उजेडाला तशी सावली नसते. त्याचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटच्या डोक्यावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. परतून खाली आला तो आकाशाचा उजेड. आज कुठल्याही सेटवर थर्माकोलची शीट धरून उभा असलेला लाइटमन तेच करत असतो. आणि हे मित्र शिकले कुठे? झाँ रेन्वार हा फ्रेंच दिग्दर्शक बंगालमध्ये शूटिंग करत होता, तिथे हा पोरगा नुसता बघत बसायचा आणि दिवे कुठे लावलेत त्याची चित्रं वहीत काढायचा. वयाच्या २१व्या वर्षी 'पथेर पांचाली' हाती आला तोवर त्याने सिनेमाच्या कॅमेऱ्याला हातही लावलेला नव्हता. चौथ्या असिस्टंटच्या जागेबद्दल यापेक्षा मोठी शिफारस मला सुचत नाही. तूही वही ने. रोज रात्री एका शॉटचा नकाशा काढ: नट कुठे, कॅमेरा कुठे, मुख्य दिवा कुठे, थर्माकोल कुठे, कटर (उजेड अडवणारा काळा पडदा) कशाला लावला. मोबाइलवर फोटो काढून चालणार नाही. फोटो काढला की डोकं बघायचं थांबवतं, आणि सेटवरचे फोटो काढल्याबद्दल बोलणी बसतील ती वेगळीच.

आता फोकस. तुझा मिररलेस कॅमेरा डोळा शोधून फोकस स्वतः धरतो. सिनेमात ते काम फोकस पुलर म्हणजे पहिला असिस्टंट हाताने करतो, टेपने अंतर मोजून, खुणा करून. गणित करून बघ. फुलफ्रेमवर ८५ मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर १.८, माणूस दोन मीटरवर. फोकसमध्ये राहणारी जागा जेमतेम सहा सेंटिमीटर भरते. आजी सूप पुढे घ्यायला जराशी वाकली तरी डोळे गेले. आणि हे नुसतं तांत्रिक नाही. नातू बोलतो, आजी क्षणभर थांबते, मग मान वर करते. फोकस नातवावरून आजीवर कधी न्यायचा? ती मान वर करायच्या आधी नेलास तर प्रेक्षक तिच्या उत्तराची वाट बघतो. तिच्याबरोबर नेलास तर ती काय म्हणते ते ऐकतो. नंतर नेलास तर तिला बोलायला उशीर झाला असं वाटतं. सीन तोच, संवाद तेच, अर्थ तीन. हे ज्याला मॉनिटरवर न बघता नटाच्या श्वासावरून कळतं तो फोकस पुलर सोन्यासारखा, आणि डीओपी त्याला शेवटपर्यंत सोडत नाही.

चौथ्या असिस्टंटला अर्थात कोणी फोकसला हात लावू देणार नाही. तुझ्या वाट्याला बॅटऱ्या चार्ज करणं, लेन्सच्या पेट्या वाहणं आणि त्या जागच्या जागी ठेवणं, क्लॅपवर सीन-शॉट-टेकचे नंबर लिहिणं, कॅमेरा रिपोर्ट भरणं. एसीच्या खोलीतून लेन्स बाहेरच्या दमट हवेत नेताना काचेवर बाष्प धरतं, म्हणून ते उडून जाईपर्यंत ती आधीच बाहेर काढून ठेवणं. भरलेलं कार्ड हातात आलं तर दोन ठिकाणी कॉपी होऊन तपासलं जाईपर्यंत आणि वरून सांगितलं जाईपर्यंत ते फॉरमॅट करायचं नाही. आमच्या वेळी फिल्म होती. लोडर काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून नुसत्या बोटांनी मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याची फिल्मची पेटी, भरायचा, आणि ४०० फुटांचा डबा साडेचार मिनिटांच्या आत संपायचा. म्हणून सगळे मुकाट्याने तालीम करायचे. आता कार्ड संपत नाही, तालमी संपल्या. असो.

एक गोष्ट तुला आधीच येते, ती मात्र मान खाली न घालता वापर. मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं म्हणून तू शटर एक पन्नासांश सेकंद ठेवत असशील. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते. सेकंदाला २४ फ्रेम्स आणि १८० अंशांचं शटर म्हणजे एक अठ्ठेचाळिसांश, ते त्या ठेक्यात बसत नाही. म्हणून सेटवर "वन सेव्हंटी-टू पॉइंट एट" असं ओरडलेलं ऐकू येईल. ते तुझं एक पन्नासांशच, अंशांत मोजलेलं. अशी बरीच पाठांतरं तुझी लग्नांत होऊन गेलीत: कमी उजेडात घाई, चिडलेली माणसं, जागा नसताना जागा काढणं. आईच्या डोळ्यांत पाणी कधी येणार हे तुला आधी कळतं, ते शिकवून येत नाही. फक्त "आम्ही लग्नात असं करतो" हे वाक्य सेटवर उच्चारू नकोस.

इन्स्टिट्यूटबद्दल. त्या गेटच्या आत इन्स्टिट्यूट आली १९६० साली. त्याआधी ती जागा प्रभातची. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. ती ज्यांनी उभी केली त्यांतल्या कोणाकडे सिनेमाची पदवी होती? दामले आणि फत्तेलाल बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले, आणि त्या पेंटरांनी कॅमेरा बाजारातून आणला नव्हता, स्वतः बनवला होता. शांतारामबापू पेंटरांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करायला लागले होते. कॅमेऱ्यामागे केशवराव धायबर. पुण्याच्या त्या नव्या स्टुडिओत १९३४ साली 'अमृतमंथन' झाला, आणि त्यात राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा टेलिफोटो लेन्सने अख्ख्या पडद्यावर भरला होता. ज्या कुंपणाकडे बघून तुझ्या पोटात कालवतं, तिथलं पहिलं शिक्षण हाताखाली राहूनच झालेलं आहे.

याचा अर्थ शाळा नको असा काढू नकोस, ती द्राक्षं आंबट म्हणणाऱ्यांची भाषा झाली. 'किल्ला' करणारे अविनाश अरुण तिथलेच. 'सैराट'चे सुधाकर रेड्डी यक्कंटीही तिथलेच, मूळचे आंध्रचे असूनही करमाळ्याचं ऊन त्यांनी असं दाखवलं की आपण बघत राहिलो. तीन वर्षं दुसऱ्याच्या खर्चाने चुका करायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. तुझ्याकडे पदवी आहे, प्रवेश परीक्षा देऊन बघ. पण मे महिन्यात लग्न आणि लगेच तीन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण हे दोघांनी मिळून ठरवायचं आहे, एकट्याने नव्हे. आणि समज नाही झालं, तर अशोक मेहता आठव. घर सोडून मुंबईत आलेला मुलगा, स्टुडिओत मिळेल ते काम करत कॅमेऱ्याजवळ पोचला, आणि १९८१ साली '३६ चौरंगी लेन'चं छायांकन त्याने केलं.

शाळेत न गेल्याने खरं नुकसान वेगळंच होतं. तिथल्या मुलाला एक दिग्दर्शक, एक एडिटर, एक साउंडवाला वर्गातच मिळतो, आणि पुढची वीस वर्षं ते एकमेकांना कामं देतात. तुझी टोळी तुला बाहेर जमवावी लागेल. पुण्यात हे अवघड नाही. पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडकाच्या स्पर्धा करणारी, विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातून बाहेर पडणारी मुलं दरवर्षी शॉर्टफिल्मच्या स्क्रिप्ट घेऊन कॅमेरामन शोधत हिंडत असतात. भरत नाट्य मंदिराच्या कट्ट्यावर किंवा सुदर्शन रंगमंचावरच्या प्रयोगाला जा, चार ओळखी होतील. त्यांच्यातल्या एकाबरोबर तुझ्या आत्ताच्या कॅमेऱ्यावर दहा मिनिटांची फिल्म कर, एका खोलीत, दिवसा घडणारी, आणि ती दोन वेगळ्या दिवशी शूट कर. दोन्ही दिवसांचा उजेड जुळला तर मला लिंक पाठव. गिंबलवर गोल फिरणाऱ्या नवरा-नवरीची शोरील पाठवू नकोस, ती मी बघणार नाही.

वयाचं म्हणतोस, तर व्ही. के. मूर्ती १९२३च्या नोव्हेंबरात जन्मले. १९५१ साली 'बाझी' लागला तेव्हा ते २७ वर्षांचे होते आणि त्या चित्रपटात दुसऱ्या कॅमेरामनचे असिस्टंट होते. त्यांनी सुचवलेला एक शॉट गुरुदत्तला आवडला आणि पुढचा चित्रपट त्यांच्याकडे आला. आठ वर्षांनी 'कागज के फूल', आरशांनी स्टुडिओत आणलेला तो उन्हाचा झोत, आणि २००८ सालचा फाळके पुरस्कार, छायाचित्रकाराला मिळालेला पहिला. वयाचा विषय संपला.

आता "पैशांचं बघू". हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. डीओपी माणूस चांगला असेल, पण असिस्टंटचे पैसे तो देत नाही, प्रॉडक्शन देतं, आणि चौथा असिस्टंट बऱ्याचदा त्यांच्या यादीतच नसतो. म्हणून डीओपींना फोन करून अदबीने, पण सरळ विचार: युनिटच्या यादीत माझं नाव असेल का? जेवण, प्रवास, आउटडोअर असेल तर राहणं कोणाकडे? श्रेयनामावलीत नाव येईल का? मानधन थोडं असलं तरी आकडा किती आणि कधी? जे ठरेल ते मेसेज करून त्यांना पाठव, "सर, आपलं असं ठरलं, बरोबर ना?" एवढंच. त्यांनी "बरोबर" लिहिलं की झालं. यादीत नाव नसलेला माणूस सेटवर दिव्याच्या केबलला अडकून पडला तर तो कोणाचाच नसतो, म्हणून पैशापेक्षा यादीला महत्त्व दे. पहिल्या चित्रपटाला पैसे कमी मिळतील, ते चालेल. जेवणही नाही, प्रवासही नाही, नावही नाही असं असेल तर ती शिकवणी नव्हे, वेठबिगारी. नको म्हण.

आणि हा एक चित्रपट झाला की लगेच दुसरा येईल असं धरून चालू नकोस. मध्ये पाच-सहा महिने काहीच नसतं. तिथे लग्नं तुला तारतील, म्हणून ती सोडू नकोस. वर्षाला एक मोठं काम असिस्टंट म्हणून, बाकी सीझन लग्नांचा, अशी दोन-तीन वर्षं. पुढे मुंबईला जावं लागेल का? बहुधा. मोठी भाड्याची दुकानं तिकडे, जाहिराती आणि मालिका तिकडे, कॅमेरामनांची वेस्टर्न इंडिया सिनेमॅटोग्राफर्स असोसिएशनही तिकडेच. रोज शिवनेरीने जाऊन-येऊन हे काम होत नाही. कॉल टाइम सकाळी सहाचा असला तर तू पहाटे गोरेगावात हवास. हे मे महिन्याच्या आधी घरात बोलून ठेव.

त्यावरून सासरे. त्यांना सांग: "चित्रपटात उजेड कसा असेल हे ठरवणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम शिकतोय. पहिली दोन-तीन वर्षं त्यातून जवळपास काही मिळणार नाही, घरखर्च लग्नांच्या शूटिंगवर चालेल." हे ऐकून त्यांना आनंद होणार नाही, पण आकडे लपवणाऱ्या जावयापेक्षा हा बरा वाटेल. खरं बोलणं तुला तुझ्या होणाऱ्या बायकोशी करायचंय, आणि तुझ्या अख्ख्या पत्रात तिचं मत एका ओळीतही नाही, हे मला खटकलं. ती नोकरी करते का, तिला मुंबई चालेल का, रात्रीच्या शिफ्टचे आठ-आठ दिवस तिला कसे वाटतील, काही लिहिलं नाहीस. तिचा पगार हा तुझ्या स्वप्नाचा राखीव निधी आहे असं मनातल्या मनात धरलं असशील तर ते तिला विचारून धर. तिला तुझ्या त्या शॉर्टफिल्मच्या शूटिंगला एक दिवस ने. दहा तास उभं राहून तीन मिनिटं मिळतात हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं बोलणं सोपं जातं, कुठल्याही बाजूने.

कपाटातलं सामान. मॉडेल लिहिलेलं नाहीस, त्यामुळे भाव मला सांगता येणार नाही, पण जुन्या बाजारात नेऊन किलोवर देऊ नकोस. फिल्मवर फोटो काढणारी तरुण मुलं पुन्हा वाढलीत, चालू स्थितीतल्या कॅमेऱ्याला त्यांच्यात गिऱ्हाईक मिळतं. वडिलांना विचारून विक. मीटर मात्र ठेव. त्यावर पांढरी अर्धगोल टोपी असेल तर तो पडणारा उजेड मोजतो, आणि तुला तोच हवाय. सेलेनियमचा असला तर सेलही लागत नाही, फक्त जुनं सेलेनियम मंदावतं, म्हणून आधी चालू मीटरशी ताडून घे. मग वडिलांना स्टुडिओच्या खिडकीशी बसव आणि दोन्ही गालांवर मोज. खिडकीकडच्या गालावर एफ ८ आणि पलीकडच्यावर एफ ४ आलं तर दोन स्टॉपचा म्हणजे चौपटीचा फरक. असाच फोटो काढ. मग पलीकडून पांढरा पुठ्ठा धर, तो फरक एका स्टॉपवर आण, पुन्हा काढ. दोन्ही फोटोंत वडील वेगळे दिसतील, एकात जरा काळजीत. शूटिंगला जाईपर्यंत रोज एक माणूस असा मोज. मॉनिटरवर बघून उजेड ठरवायची खोड त्याने सुटते.

राहिली ती दोन लग्नं. घेतलेली सुपारी ऐनवेळी टाकायची नाही, पेठेत नाव जायला एक लग्न पुरतं. आजच दोन्ही घरी फोन कर, तुझ्या तोडीच्या मित्राचं काम त्यांना दाखव, ॲडव्हान्स त्याच्याकडे वळव किंवा परत दे. एखाद्या घरी "तूच हवास" म्हणाले तर डीओपींना तो एक दिवस सुट्टीचा आधीच मागून ठेव, बहुतेक देतील. आणि सेटवर जाताना काळे किंवा गडद कपडे घाल. पांढऱ्या शर्टावरून उजेड उसळून नटाच्या गालावर पडतो आणि काचेच्या कपाटात तूच दिसतोस.